कोलॅबरेशन संपलं की हातात काय उरतं?

घडाई

सेमीकंडक्टर, बॅटरी, लढाऊ विमानांची इंजिनं... सध्या कुठल्या ना कुठल्या परदेशी कंपनीशी करार झाला की 'तंत्रज्ञान हस्तांतरण' हा शब्द मथळ्यात येतोच. मला या करारांवर आक्षेप नाही. पण पिंपरी-चिंचवड पट्ट्यात वाहन उद्योगात हयात गेली, त्यामुळे एक प्रश्न कायम मनात असतो. करार संपला, पाहुणे आपल्या देशी परतले, की आपल्या माणसांना नेमकं काय करता येत असतं? आपल्याच भागातली दोन उदाहरणं मांडतो, तुम्ही भर घाला.

पहिलं टेल्कोचं (आजची टाटा मोटर्स). १९५४ साली डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. बॉनेटवर मर्सिडीजचा तारा होता. हा करार १९६९ ला संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि टेल्कोचे प्रमुख सुमंत मूळगावकरांनी त्या तारखेची तयारी कितीतरी आधी सुरू केली. पुण्यात १९६६ साली इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर आलं. इथे टूल रूम (साचे-हत्यारं बनवणारा विभाग) आणि प्रशिक्षण केंद्र यांना पहिला मान मिळाला, गाड्या मागाहून. करार संपला, तारा उतरला, ट्रक बनतच राहिले. खरी परीक्षा ऐंशीच्या दशकात झाली. हलक्या ट्रकच्या बाजारात डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी असे चार जपानी पाठबळाचे गडी उतरले. टेल्कोनं १९८६ ला स्वतःच्या डिझाइनची ४०७ आणली. ती आजही आपल्या रस्त्यांवर आहे. त्या चारांतल्या दोघांची नावं नव्या पिढीनं ऐकलेलीही नसतील.

दुसरं बजाजचं. इटलीच्या पियाज्जिओशी १९६० पासूनचा करार १९७१ ला संपला, पुढच्या वर्षी चेतक आली. स्कूटर बनवणं बजाजला उत्तम जमत होतं. टिकाऊ, स्वस्त आणि प्रचंड संख्येनं. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे. पण कोऱ्या कागदावर नवं इंजिन आखणं ही वेगळी विद्या. बंद बाजारात तिची कोणाला निकड भासली नाही. मोटरसायकलचे दिवस आले तेव्हा पुन्हा परदेशी हात धरावा लागला, या वेळी कावासाकीचा. केबी१००, फोर-एस चॅम्पियन, कॅलिबर या सगळ्या त्या नात्यातल्या गाड्या.

वळण आलं ते २००१ च्या पल्सरनं. तिच्यासाठी टोकियो आर अँड डी या जपानी संस्थेची मदत घेतली, पण गाडी कशी हवी हे बजाजच्या आकुर्डीत ठरत होतं. २००३ ला डीटीएस-आय आलं, म्हणजे एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एकाच बाजूनं ठिणगी पडली की ज्योत समोरच्या भिंतीपर्यंत पोचायला वेळ घेते. मिश्रणात पेट्रोल कमी असेल तर काही भाग नीट जळतच नाही. दोन बाजूंनी पेटवलं की जळण लवकर पुरं होतं. ताकद वाढते, पेट्रोल वाचतं. दोन प्लगची कल्पना जगात जुनीच आहे. ती दोन व्हॉल्व्हच्या छोट्या, स्वस्त इंजिनात बसवणं आणि लाखोंनी विकणं, हे आपल्याकडच्या लोकांनी करून दाखवलं. मग २००७ ला ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटरसायकल कंपनीत साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. तिच्या छोट्या ड्यूक मोटरसायकलींचं डिझाइन तिकडचं, उत्पादन चाकणचं. त्या इंजिनांच्या घराण्यातून पल्सर २०० एनएस आणि डोमिनार निघाल्या.

माझं म्हणणं असं की ड्रॉइंगमध्ये काय बनवायचं ते लिहिलेलं असतं, तसंच का बनवायचं ते लिहिलेलं नसतं. ते 'का' कळायला आपल्या माणसानं स्वतः मोजावं लागतं, मोडावं लागतं, पुन्हा बनवावं लागतं. परदेशी भागीदार, गिऱ्हाईक, सल्लागार हे सगळे दार उघडून देतात. आत कोण जाऊन बसतं, त्यावर पुढची तीस वर्षं ठरतात.

चिंचवडगावकर

घडाईसाहेब, फार जवळचा विषय काढलात. मी त्या प्रशिक्षण केंद्रातून ॲप्रेंटिस म्हणून बाहेर पडलेला माणूस. बाहेरच्यांना वाटतं तिथे मशीन चालवायला शिकवत. सुरुवातीचा बराच काळ मशीनला हात लावू देत नसत. हातात एक कानस आणि माइल्ड स्टीलचा ठोकळा. घासायचा, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून बघायचा. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की परत घासायचा. मग सरफेस प्लेटवर निळा रंग लावून त्यावर ठोकळा फिरवायचा. रंग जिथे लागला तो उंचवटा, तेवढाच काढायचा. खांदे भरून यायचे.

पुढे टूल रूममध्ये डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) बनवायला लागलो तेव्हा त्या घासण्याचा अर्थ कळला. डायची ड्रॉइंग परदेशातून मागवता येतात. पत्रा दाबल्यावर तो किती परत उसळणार आणि त्यासाठी डाय कुठे किती जास्त खोल घ्यायची, हे आपल्या पत्र्यावर आपल्यालाच बघावं लागतं. आपल्याकडे येणारा पत्रा जर्मन पत्र्यासारखा एकसारखा नसायचा. त्यामुळे जर्मन आकडे जसेच्या तसे घातले तर पॅनेलला सुरकुत्या पडायच्या किंवा कोपऱ्यात चीर जायची. आमच्या वरिष्ठांकडे प्रत्येक डायची वही असे. कुठल्या लॉटला काय झालं, कुठे किती घासलं, सगळं हातानं लिहिलेलं. कंपनीची खरी ठेव म्हणाल तर त्या वह्या.

मीरा_एस

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. हिरो होंडाचं काय? १९८४ ला होंडाशी भागीदारी, डिझाइन सगळं जपानचं, आणि २००१ पासून संख्येनं जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी. 'का' न विचारता इतकं मोठं होता येत असेल तर त्या 'का'वर पैसे का घालवावेत? खेड्यापर्यंत विक्रेते, वेळेवर माल देणारे पुरवठादार, कमी खर्चात अचूक उत्पादन हीसुद्धा क्षमताच आहे. आपण इंजिनिअर मंडळी फक्त डिझाइनलाच क्षमता म्हणतो, हा पूर्वग्रह आहे असं मला वाटतं. मी पुरवठा साखळीत काम करते, तिथलं शहाणपण कोणी पेटंटमध्ये मोजत नाही.

घडाई

मीराताई, उत्पादन आणि वितरण ही क्षमता आहेच, आणि हिरोची ती अव्वल आहे. बजाजची चेतकच्या काळातली ताकदही तीच होती. प्रश्न भागीदार उठून गेल्यावरचा आहे. डिसेंबर २०१० मध्ये होंडा वेगळी झाली. त्यानंतर हिरोला काय काय करावं लागलं बघा. अमेरिकेतल्या एरिक ब्यूएल रेसिंगमध्ये पैसे घातले, ती कंपनी २०१५ ला दिवाळखोरीत गेली. बाहेरून माणसं आणली, जयपूरला २०१६ साली स्वतःचं संशोधन केंद्र उभं केलं. हिरो टिकली आणि आजही मोठी आहे, याचं श्रेय त्यांना आहेच. पण सव्वीस वर्षं जगातल्या सर्वोत्तम इंजिन कंपनीशेजारी बसून जे शिकता आलं असतं ते घाईघाईनं, महागात, अनोळखी लोकांकडून शिकावं लागलं. भागीदारी चांगली चालू असते तेव्हाच हे शिक्षण सर्वांत स्वस्त पडतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज कोणाला वाटत नाही.

रानवारा

वाचतोय. चिंचवडगावकर काका, त्या वह्यांचं पुढे काय झालं?

चिंचवडगावकर

काही सीएडीच्या (संगणकावरच्या ड्रॉइंगच्या) काळात संगणकात चढल्या, काही निवृत्त माणसांबरोबर घरी गेल्या. घरी गेलेल्यांची मला अजून हळहळ वाटते.

पवनवेग

पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनशिवाय हा धागा अपुरा राहील. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुलसी तांती मूळ कापडधंद्यातले. विजेचा खर्च परवडेना म्हणून पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ ला त्याच धंद्यात उतरले. सुरुवातीचं तंत्रज्ञान ज्युडविंड नावाच्या छोट्या जर्मन कंपनीचं. ती कंपनी बुडाली, तेव्हा सुझलॉननं तिथले इंजिनिअर आपल्याकडे घेतले आणि संशोधन जर्मनीतच चालू ठेवलं. पात्यांची विद्या नेदरलँडमध्ये होती, तर तिथे केंद्र काढलं. गिअरबॉक्ससाठी २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन विकत घेतली, मोठ्या टर्बाइनसाठी २००७ मध्ये जर्मनीची रीपॉवर. मुख्यालय पुण्यात, आणि ज्ञान ज्या गावात आहे त्या गावात आपलं ऑफिस. विकसनशील देशातल्या कंपनीनं इतक्या हिमतीनं जगभर जाळं विणल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

घोडं पेंड खाल्लं ते रीपॉवरमध्ये. जर्मन कायद्यानुसार कंपनीत छोटे भागधारक शिल्लक असतील तर मोठ्या भागधारकाला तिचं तंत्रज्ञान घरचं समजून उचलता येत नाही. दोन परक्या कंपन्यांसारखा, योग्य मोबदला देऊन व्यवहार करावा लागतो. म्हणजे सव्वा अब्ज युरोच्या वरचा सौदा झाला, मालक झालात, पण डिझाइनच्या कपाटाची किल्ली हातात नाही. उरलेले भागधारक बाहेर काढून पूर्ण मालकी मिळेपर्यंत २०११ उजाडलं. तोवर जगात मंदी येऊन गेली होती आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर होता.

त्यात २००८ च्या सुमारास अमेरिकेत पात्यांना तडे गेले. १२५१ पाती मजबुतीसाठी काढावी लागली. पातं म्हणजे काचतंतूच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून केलेले दोन अर्धे भाग, कडेला एकमेकांना चिकटवलेले. आम्ही तपासायला जायचो तेव्हा छोट्या हातोडीनं किंवा नाण्यानं ठोकत पुढे सरकायचं. थर घट्ट असेल तिथे खणखणीत आवाज येतो, सुटला असेल तिथे बद्द. कान तयार झालेला माणूस दोराला लटकून वाऱ्याच्या आवाजातही ते ओळखतो. एका प्रदेशातल्या वाऱ्याला पुरणारं पातं दुसऱ्या प्रदेशातल्या झोतांना आणि थंडीला पुरेलच असं नाही. ते कळायला तिथल्या वाऱ्यात काही वर्षं काढावी लागतात, आणि सुझलॉनची वाढ त्या वर्षांपेक्षा वेगानं झाली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये परदेशी रोख्यांचे पैसे थकले. हॅन्सन आधीच विकली होती, रीपॉवर (तोवर तिचं नाव सेनव्हिऑन झालं होतं) २०१५ ला विकली. म्हणजे विकत घेतलेलं जाळं बरंचसं परत गेलं. आणि तरी कंपनी आज उभी आहे, स्वतःच्या डिझाइनच्या टर्बाइन विकतेय. घडाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं असं मला वाटतं. जे विकत घेतलं ते कर्ज फेडताना गेलं, माणसांनी काम करून जे कमावलं ते राहिलं.

अनघा_श्टुटगार्ट

पवनवेग, जर्मन कायद्याचा मुद्दा अगदी बरोबर. इथे काम करणाऱ्या भारतीयांनाही तो पहिल्यांदा कळतो तेव्हा धक्का बसतो.

मी इंजिन विकासाच्या क्षेत्रात आहे. एक गोष्ट भारतात फारशी बोलली जात नाही. इंजिनाचं ज्ञान भाड्यानं मिळतं. ऑस्ट्रियातली एव्हीएल, इंग्लंडमधली रिकार्डो, आखेनची एफईव्ही यांचा तो व्यवसायच आहे. पैसे द्या, ते तुम्हाला इंजिन आखून देतील. तेच इंजिनिअर उद्या तुमच्या स्पर्धकासाठीही काम करतील. मग फरक कुठे पडतो?

ह्युंदाईचं बघा. १९६८ ला फोर्डची कोर्टिना जोडण्यापासून सुरुवात. १९७५ ची पोनी 'आपली गाडी' म्हणून आणली, पण तिचं इंजिन मित्सुबिशीचं आणि रेखाटन इटलीच्या जुजारोंचं. मित्सुबिशी इंजिनं द्यायला तयार होती, ती आखायची कशी हे शिकवायला नव्हती. ऐंशीच्या दशकात ह्युंदाईनं वेगळं संशोधन केंद्र काढलं, जनरल मोटर्समध्ये काम केलेले ली ह्यून-सून यांना बोलावलं आणि रिकार्डोची मदत घेतली. त्यांनी काम सोपवून पाठ फिरवली नाही, आपले तरुण इंजिनिअर त्यात गुंतवले. परत आल्यावर त्यांनी बनवलेले नमुने चाचणीत एकामागून एक फुटले. प्रत्येक फुटलेल्या ब्लॉकचा अभ्यास झाला. १९९१ ला अल्फा इंजिन आलं. पुढे थीटा इंजिनाचं डिझाइन मित्सुबिशी आणि क्रायसलरनं ह्युंदाईकडून घेतलं. शिकवायला नकार देणारी कंपनी तीस वर्षांच्या आत शिष्याकडून विकत घेऊ लागली!

तैवाननंही हेच केलं. १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिपचं तंत्रज्ञान घेतलं तेव्हा तिथल्या सरकारी संस्थेनं तरुण इंजिनिअरांची तुकडी अमेरिकेला पाठवली. पुढचा सगळा चिप उद्योग त्या माणसांभोवती आणि त्यांच्या संस्थेभोवती उभा राहिला.

आपल्याकडून प्रकल्पाच्या बैठकीला येतात ते बहुतेक व्यवस्थापक. खर्च आणि तारखा बोलतात, कारखान्याची फेरी होते, परत जातात. टेस्ट बेडवर (इंजिन चाचणीच्या मंचावर) रात्रपाळीला बसणारा सत्तावीस वर्षांचा भारतीय इंजिनिअर मला फार क्वचित दिसतो. त्याच्या राहण्याजेवणाचा खर्च अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापला जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण करारात मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट तीच असते.

सूक्ष्मजीव

सगळा धागा गाड्यांकडे गेलाय, म्हणून पुण्याचंच एक वेगळं उदाहरण देते.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराचा) पट्टा आहे. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार दगावले. तिथल्या देशांची मागणी स्पष्ट होती: लस अशी हवी की एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत राहील. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना त्या भावात रस नव्हता. २००१ मध्ये पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या निधीतून प्रकल्प सुरू केला आणि उत्पादनासाठी सीरम इन्स्टिट्यूटची निवड झाली.

थोडं शास्त्र सांगते. या जिवाणूच्या कवचात शर्करेची लांब साखळी असते. ती नुसती टोचली तर लहान मुलांच्या शरीराला तिची नीट ओळख पटत नाही. तीच साखळी एखाद्या प्रथिनाला जोडली की ओळख पटते आणि टिकते. ही जोडणी म्हणजे कॉन्ज्युगेशन, आणि सगळं अडायचं ते तिथे. जोडणीत निम्मा माल वाया गेला तर किंमत वर जाणारच. कमी नासाडीची पद्धत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. सीरमच्या शास्त्रज्ञांनी ती शिकून घेतली. शर्करेच्या बाजूला नेदरलँडच्या एका कंपनीची साथ होती. धनुर्वाताचं टॉक्सॉइड (निरुपद्रवी केलेलं विष) सीरम अनेक वर्षं बनवतच होती, तेच प्रथिन म्हणून वापरलं. प्रयोगशाळेतल्या छोट्या भांड्यात जमलेली जोडणी कारखान्याच्या टाकीत जमवणं हे काम पुण्यात झालं. ढवळण्याचा वेग, आम्लता, तापमान सगळं नव्यानं बसवावं लागतं.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोठी मोहीम झाली आणि लस ठरलेल्या किमतीत पोचली. ही लस जिवाणूच्या ज्या ए गटावर होती, त्याची साथ त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशी झाली. महत्त्वाचं पुढे आहे. कॉन्ज्युगेशन हातात बसल्यावर सीरमनं न्यूमोनियाची लस आणली, तिला २०१९ ला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली. मग पाच गटांवरची मेनिंजायटिस लस आली, ती २०२४ मध्ये नायजेरियात पहिल्यांदा दिली गेली. मधल्या काळात २०१२ ला नेदरलँडची बिल्टहोव्हन ही कंपनीही घेतली, ते इंजेक्शनच्या पोलिओ लशीच्या ज्ञानासाठी.

इथे गिऱ्हाइकानं किंमत ठरवून दिली होती आणि ती अडचण सगळ्यांना माहीत होती. शिकणं भागच पडलं. मीराताई म्हणतात ते कमी खर्चाचं शहाणपण आणि घडाईंचं 'का', दोन्ही एकाच कामात आले.

केदार_आर

मी पुण्यातल्या एका परदेशी कंपनीच्या तंत्र केंद्रात आहे, नाव लिहीत नाही. आमच्यासारखी माणसं या चित्रात कुठे बसतात? काम उच्च दर्जाचं आहे. सिलिंडर हेडमधलं तापमान किती जाईल, कुठे ताण येईल, हे आम्ही संगणकावर काढतो. मॉडेल तिकडे पाठवतो. प्रत्यक्ष इंजिन तिकडच्या टेस्ट बेडवर चालतं आणि त्याचे निकाल आमच्यापर्यंत बहुतेक वेळा येत नाहीत. आम्ही सांगितलेलं तापमान आणि थर्मोकपलनं मोजलेलं तापमान यात फरक किती आला? तो फरक बघूनच माणूस इंजिनिअर होतो. मागितलं तर 'तुमच्या कामाच्या कक्षेत नाही' असं उत्तर येतं. पगार चांगला आहे, पण आत काहीतरी अर्धवट राहतंय असं सतत वाटतं.

अनघा_श्टुटगार्ट

केदार, अगदी कळतंय. चिकाटीनं मागत राहा. इथल्या टेस्ट इंजिनिअरशी थेट ओळख करून घे. बऱ्याचदा धोरण आड येत नसतं, निकाल पाठवावेत हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नसतं.

भोसरी_शेड

मोठ्या कंपन्यांची चर्चा झाली, आता शेडमधलं ऐका. आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. व्हीएमसी, सीएनसी लेथ अशी संगणकावर चालणारी यंत्रं, आणि तिसऱ्या फळीचे पुरवठादार म्हणून जगणं.

एका हाऊसिंगचा बोअर (आतलं भोक) होता, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, १२ मायक्रॉन. सकाळचे जॉब पास, दुपारचे रिजेक्ट. आम्ही टूल बदललं, ऑपरेटर बदलला, फिक्स्चर पुन्हा बांधलं. गिऱ्हाईक कंपनीकडून एक जपानी क्वालिटीवाले आले. त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही, आधी तास लिहिलेला कागद मागितला. तासातासाला जॉब मोजून आलेखावर टिंबं मारायला लावली. टिंबं उन्हाबरोबर वर चढत होती! पत्र्याचं शेड तापायचं, कूलंट तापायचं, जॉब गरम असताना मापात बसायचा आणि थंड झाल्यावर आकसायचा. वर छपराला आच्छादन, कूलंटला चिलर, सुरुवातीला स्पिंडल रिकामा फिरवून गरम करणं, आणि जॉब थंड झाल्यावरच मोजणं. रिजेक्शन थांबलं. ती टिंबं मारायची सवय आमच्या शेडमध्ये आजही आहे, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामालाही.

आता तसं कोणी येत नाही. पोर्टलवर लाल चौकोन दिसतो, आठ रकान्यांचा रिपोर्ट भरा म्हणतात आणि भाव दरवर्षी कमी करा म्हणतात. दुसरी गोष्ट, तो बोअर १२ मायक्रॉनच का, २० का चालत नाही, हे मी अनेकांना विचारलं. इथल्या खरेदी विभागाला माहीत नव्हतं, इथल्या डिझाइनवाल्यांनाही नव्हतं. ड्रॉइंग युरोपातून आलेलं. २० चाललं असतं तर सगळ्यांचाच खर्च वाचला असता.

घडाई

हा प्रतिसाद या धाग्याचा गाभा आहे. पुरवठादाराकडे माणूस पाठवणं हा ऐंशी-नव्वदच्या दशकात मारुती-सुझुकीनं आणि नंतर बाकीच्यांनी आणलेला मोठा शिरस्ता होता. १९९८ ला चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला गुणवत्तेसाठीचं जपानचं डेमिंग पारितोषिक मिळालं, भारतातलं पहिलं, तेही जपानी गुरूंच्या अशाच पाठपुराव्यातून. तो खर्च वाचवून आपण आपलंच नुकसान करतोय.

केदार, तुमच्यासाठी पोलादी भाग घडवणाऱ्या भारत फोर्जचं उदाहरण देतो. मुंढव्याला त्यांनी अवजड जर्मन प्रेस आणला आणि हातोड्याच्या घणघणाटातल्या भट्टीवर पदवीधर इंजिनिअर उभे केले. लोकांना ते तेव्हा विचित्र वाटलं होतं. २००४ ला जर्मनीची कार्ल डान पेडिंगहाउस ही दिवाळखोरीतली कंपनी घेतली तेव्हा तिथल्या घडाईतलं ज्ञान समजून घेणारी माणसं त्यांच्याकडे आधीपासून तयार होती. तुमच्यासारख्यांची आज पुण्यात मोठी संख्या आहे. उद्या यातली थोडी जरी देशी कंपन्यांत गेली किंवा स्वतःचं काही काढलं, तर तेच सगळ्यात मोठं हस्तांतरण ठरेल.

मीरा_एस

भोसरी_शेड यांच्या शेवटच्या मुद्द्यावर माझं मत थोडं बदललं. खर्च कमी करायचा असेल तरी ते 'का' माहीत असावंच लागतं. आम्ही भाव पाडून घेतो, पण टॉलरन्सचा प्रश्न विचारायची ताकद आमच्याही हातात नसते.

रानवारा

मग करारात लिहायचं तरी काय? कोणी नेमकं सांगेल का?

अनघा_श्टुटगार्ट

मी अशा करारांच्या तांत्रिक परिशिष्टांवर काम केलंय, त्यावरून सांगते. आपली माणसं किती, किती काळ आणि कुठल्या टेबलावर बसणार हे आकड्यात लिहा. 'प्रशिक्षण दिले जाईल' या वाक्याला काही अर्थ नसतो. चाचणीत नापास झालेल्या नमुन्यांचे अहवाल मागा. पास झालेल्यांचे सगळेच देतात, शिकायला मिळतं ते नापासांतून. डिझाइनमध्ये बदल करण्याचा आणि बदललेलं उत्पादन निर्यात करण्याचा हक्क घ्या. तो नसेल तर जुन्या मॉडेलात अडकून पडाल. कंपनी विकत घेत असाल तर तंत्रज्ञान वापरण्याचा वेगळा करार त्याच दिवशी करा. आणि परत आलेल्या माणसांना दोन वर्षांत दुसऱ्या विभागात हलवू नका, ही अट स्वतःसाठी लिहा.

भोसरी_शेड

ताई, हे मोठ्यांसाठी ठीक. आम्हाला करार लिहायला कोणी टेबलावर बोलावत नाही, सरळ पर्चेस ऑर्डर येते. आमच्या लेनमधल्या काही शेडवाल्यांनी मिळून एक सीएमएम (अचूक मोजमापाचं यंत्र) घेण्याचं चाललंय. मोजमाप तरी आपलं आपल्याला करता येईल. पण आलेले आकडे वाचून सांगणारा, ड्रॉइंग बघून 'हे असं का' याचा अंदाज बांधणारा अनुभवी माणूस हवाय.

चिंचवडगावकर

निवृत्त आहे, शनिवारी मोकळा असतो. आमच्या टूल रूमचे आणखी दोघं-तिघं आहेत, एक मेटलर्जीवाले आहेत. त्यांच्यातल्या एकाकडे जुनी वहीपण आहे. रिजेक्ट झालेले जॉब टाकून देऊ नका, ड्रॉइंगसकट ठेवा. पत्ता कळवा.

भोसरी_शेड

काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.